स्मार्ट सिटीतील परिसर आणि खुली सार्वजनिक माहिती : औंध-बाणेर-बालेवाडीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
केंद्र शासनाने २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियानाची घोषणा केली. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या २० शहरांच्या यादीत पुणे शहराने भुवनेश्वरच्या खालोखाल दुसरे स्थान मिळविले. क्षेत्राधारित विकासासाठी पुण्याने औंध-बाणेर-बालेवाडी हा परिसर निवडला. रस्ते, पदपथ व दिव्यांच्या जोडीला संवेदके, कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष आले व त्यांतून माहितीचा अखंड ओघ सुरू झाला. ही माहिती सार्वजनिक पैशातून निर्माण होते. मग ती नागरिकांना कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या अधिकाराने मिळते, हा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

खुली माहिती म्हणजे काय? :
संकेतस्थळावर एखादा अहवाल ठेवला म्हणजे माहिती खुली झाली, असा समज कार्यालयांत सर्रास आढळतो. वस्तुतः तक्त्याचे छायाचित्र काढून बनविलेली पीडीएफ फाइल ही माहिती दाखविते, वापरू देत नाही. संगणकाला थेट वाचता येणारे स्वरूप, नियमित अद्ययावतता, कोणत्याही हेतूने पुनर्वापराची लेखी परवानगी आणि पुरेसा सूक्ष्म तपशील या चार गोष्टी असतील तरच ती खुली ठरते. केंद्राने २०१२ मध्ये राष्ट्रीय माहिती सहभाग व उपलब्धता धोरण स्वीकारले आणि २०१७ मध्ये खुल्या शासकीय माहितीचा परवाना अधिसूचित केला. तथापि हे धोरण मुळात केंद्रीय मंत्रालयांसाठी आहे. महापालिकेवर ते आपोआप बंधनकारक होत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणास भाग आहे. परंतु या बाबींचा भर कार्यालयाची रचना, कर्तव्ये, निर्णयप्रक्रिया, अर्थसंकल्प यांवर आहे. एखाद्या संवेदकाच्या दर तासाच्या नोंदी त्यांत सहजासहजी बसत नाहीत.

सीमांचा प्रश्न :
परिसर पातळीवरील खुल्या माहितीची खरी अडचण तंत्रज्ञानात नसून नकाशात आहे. एकाच परिसरावर अनेक सीमा पडलेल्या असतात. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाची हद्द वेगळी, निवडणुकीचा प्रभाग वेगळा, पोलीस ठाण्याची हद्द वेगळी, महावितरणचा उपविभाग वेगळा. त्यात स्मार्ट सिटीने आखलेल्या क्षेत्राची आणखी एक रेषा. प्रभागरचना तर निवडणुकीगणिक बदलते. २०१७ मध्ये पुण्यात ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक निवडून आले. त्यापूर्वीच्या प्रभागांचे आकडे या प्रभागांशी ताडून पाहता येत नाहीत. परिणामी अपघात, वीजवापर, कर आणि कचरा यांचे आकडे स्वतंत्रपणे उपलब्ध असले तरी एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत.

याहून गंभीर बाब म्हणजे भाजक. दरडोई कोणतेही प्रमाण काढावयाचे तर लोकसंख्या हवी आणि परिसरनिहाय लोकसंख्येचे जनगणनेतील शेवटचे आकडे २०११ चे आहेत. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली व पुढील लोकसंख्या मोजणी २०२७ मध्ये नियोजित झाली. या मधल्या काळात बाणेर-बालेवाडीत उत्तुंग इमारतींची रांग उभी राहिली. पाण्याचे उदाहरण घेऊ. शहरी पाणीपुरवठ्याचे सर्वमान्य प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर आहे. पुरविलेल्या पाण्याला जुन्या, कमी लोकसंख्येने भागले तर दरडोई आकडा प्रत्यक्षाहून मोठा दिसतो. कागदावर परिसर तृप्त असतो आणि सोसायटीच्या फाटकाशी टँकर उभा असतो. टँकरने विकत घेतलेले पाणी नळाच्या आकड्यात येत नाही, ते रहिवाशांच्या देखभाल खर्चात येते. अशा वेळी जलमापकांच्या नोंदी, जोडण्यांची संख्या आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या सदनिकांची यादी एकाच सीमेनुसार खुली असेल, तर रहिवाशांना आपली तक्रार आकड्यानिशी मांडता येईल. तक्रार आणि पुरावा यांतील अंतर इतकेच असते.

मालकी आणि खासगीपणा :
तपशील जितका सूक्ष्म तितका व्यक्ती ओळखू येण्याचा धोका अधिक, ही दुसरी बाजू होय. टोरांटो शहरातील क्वेसाइड या सुमारे १२ एकरांच्या परिसराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये अल्फाबेट समूहातील साइडवॉक लॅब्ज या कंपनीची तेथे निवड झाली. गोळा होणाऱ्या माहितीचा सांभाळ स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे द्यावा, असा प्रस्ताव कंपनीने २०१८ मध्ये मांडला. परंतु व्यक्तीची ओळख माहितीच्या उगमापाशीच पुसली जाईल, याची हमी सर्व सहभागी संस्थांकडून मिळत नसल्याचे पाहून सल्लागार अ‍ॅन कॅव्हूकियन यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला. मे २०२० मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन प्रकल्प सोडला. तेथील वाद किमान उघडपणे झाला. आपल्याकडे असा प्रश्न बहुधा निविदेच्या परिशिष्टातच मिटतो.

भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ द्वारे माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये दुरुस्ती झाली व त्या खंडातील व्यापक जनहिताचा उल्लेख वगळला गेला. कलम ८(२) मधील जनहिताची तरतूद मात्र कायम आहे. एका सदनिकेचा पाणीवापर झाकणे योग्यच. पण शंभर सदनिकांची बेरीज झाकण्यास खासगीपणाचे कारण पुरत नाही.

अभियानोत्तर स्थिती :
स्मार्ट सिटी अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. पुण्यातील कामे राज्य शासन व महापालिका यांच्या समान भागीदारीतील विशेष उद्देश कंपनीमार्फत झाली. उपकरणे महापालिकेकडे सोपविता येतात. जुन्या नोंदी मात्र ठेकेदाराच्या प्रणालीत, त्याच्याच स्वरूपात असतील तर हस्तांतर कागदोपत्रीच राहते. म्हणून माहितीची मालकी, तिचे स्वरूप आणि प्रकाशनाचा कालावधी ही कलमे देखभालीच्या प्रत्येक नव्या करारात, देयके मंजूर होण्यापूर्वी तपासण्याची अट म्हणून घातली पाहिजेत. देयक अदा झाल्यानंतर ठेकेदाराकडून मागील पाच वर्षांच्या नोंदी मिळविणे कोणत्याही अभियंत्यास सोपे जात नाही.