दहा मीटरचे वर्तुळ

कांदिवलीतील एका शाळेच्या गिरिभ्रमण मंडळाच्या शिक्षकांनी मध्यंतरी आम्हाला विचारले, "पावसाळा संपला की मुलांना सह्याद्रीत न्यायचे आहे. हातात धरायचे जीपीएस यंत्र घ्यावे म्हणतो. कोणते घ्यावे?" सोबत दोन माहितीपत्रके होती. एकावर अचूकता तीन मीटर छापली होती, दुसऱ्यावर पाच. शिक्षकांचा कल अर्थातच तीनकडे होता. आम्ही म्हटले, आकडा थोडा वेळ बाजूला ठेवू. हे यंत्र जागा कशी शोधते ते आधी पाहू.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. 'मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले आहेत' असा संदेश ते सतत पाठवतात. आपल्या हातातील यंत्र फक्त ऐकते. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ लागला यावरून ते उपग्रहाचे अंतर काढते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर; म्हणजे घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकणार! उपग्रहात आण्विक घड्याळ असते, आपल्या यंत्रात मात्र साधे. म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंची या तिन्हींबरोबर स्वतःच्या घड्याळाची चूक हेही चौथे अज्ञात धरावे लागते. चार अज्ञातांसाठी चार समीकरणे, म्हणून किमान चार उपग्रह.

हे उपग्रह आकाशात चहूकडे विखुरलेले असतील तर उत्तर चांगले येते. अरुंद दरीत डोक्यावरचेच तेवढे दिसतात आणि चूक वाढते. शिवाय कड्यावर किंवा उंच इमारतीवर आपटून आलेला संदेश लांबच्या वाटेने येतो. यंत्राला वाटते, उपग्रहच तितका दूर आहे. हे पाहायला सह्याद्रीत जायला नको. ठाकूर व्हिलेजमधील दोन मनोऱ्यांच्या मधल्या गल्लीत उभे राहा आणि मग मोकळ्या मैदानात या. यंत्र तेच असते, आकाश बदललेले असते. छापील आकडा मोकळ्या आकाशाचा असतो.

पूर्वी चूक मुद्दाम मिसळली जात असे. अमेरिकेने नागरी संदेशातील ती भेसळ २ मे २००० रोजी थांबवली, तेव्हा शंभरेक मीटरची चूक दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात एका हौशी माणसाने वस्तूंनी भरलेली बादली झुडपात ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंग हा खेळ असा सुरू झाला. शंभर मीटरच्या चुकीत बादली सापडणे अवघड. दहा मीटरच्या वर्तुळात डोळ्यांनी शोधता येते.

मग निवडताना काय पाहायचे?

पहिली गोष्ट, उपग्रहसमूह. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ यांचेही संदेश घेणाऱ्या यंत्राला दरीतही पुरेसे उपग्रह मिळण्याची शक्यता वाढते. आपल्या 'नाविक'ची सोय असली तर उत्तमच. दोन वारंवारतांवर ऐकणारे यंत्र परावर्तित संदेश अधिक चांगले ओळखते, पण ते महाग पडते.

दुसरी, वीज. पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र असेल तर पायथ्याच्या गावातही नवे सेल मिळतात. आतच बसवलेली बॅटरी असेल तर पॉवर बँकचे ओझे आले.

तिसरी, हात. ओल्या बोटांना स्पर्शपडदा दाद देत नाही, बटणे देतात. उन्हात पडदा वाचता येतो का, हे दुकानाबाहेर येऊन पाहावे. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी.

चौथी, होकायंत्र. ते नसेल तर यंत्राला दिशा कळते ती आपण चालू लागल्यावरच. उंचीसाठी वायुदाबमापक असल्यास बरे, कारण उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या स्थानापेक्षा जास्त चुकते. मात्र हवामान बदलले की दाबही बदलतो, म्हणून ज्ञात उंचीच्या जागी तो जुळवून घ्यावा.

एक सावधगिरी. उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी यंत्रे भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. फक्त ऐकणारे यंत्र घ्यावे.

आणि मोबाइल? त्यातही हाच संग्राहक असतो आणि टॉवर नसतानाही तो चालतो, नकाशा आधी उतरवून घेतला असला म्हणजे झाले. एका दिवसाच्या सोप्या वाटेला तो पुरतो. पण वाट दाखवता दाखवता बॅटरी संपली, तर मदतीला बोलावण्याचे साधनही संपते. वेगळे यंत्र घेण्याचे आमच्या मते हेच सर्वांत सबळ कारण.

यंत्र कितीही चांगले असो, दोन चुका माणसाच्याच असतात. १९ अंश १२.५० मिनिटे आणि १९ अंश १२ मिनिटे ५० सेकंद या दोन वेगळ्या जागा आहेत. १२.५० मिनिटे म्हणजे १२ मिनिटे ३० सेकंद. फरक २० सेकंदांचा, जमिनीवर सुमारे ६१५ मीटरचा! दुसरी चूक बाणाची. कोकणकड्याखालच्या बेलपाड्यात उभे राहून हरिश्चंद्रगडाच्या मंदिराकडे बाण लावला, तर तो सरळ रेषेतले अंतर दाखवील. मध्ये कडा आहे हे तो सांगणार नाही. धुक्यात कड्याच्या धारेवर तर दहा मीटरचे वर्तुळ अर्धे जमिनीवर असते आणि अर्धे हवेत.

म्हणून यंत्र घेतल्यावर पहिला प्रयोग शाळेच्या मैदानातच करावा. एक खूण करून तिथे यंत्र ठेवा. दर पाच मिनिटांनी, वेगवेगळ्या दिवशी मिळून तीस नोंदी घ्या आणि आलेखकागदावर मांडा. अक्षांशातील मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर, रेखांशातील कांदिवलीत सुमारे १.७५ मीटर. हा फरक का, ते मुलांना शोधू द्या. मग तोच प्रयोग इमारतीलगत आणि झाडाखाली करा. लपवाछपवीचा खेळही मैदानातच खेळावा. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात डबे लपवू नयेत, ते बिबट्यांचे घर आहे.

त्या शिक्षकांनी अखेर पाच मीटरवाले, बटणांचे आणि सेलवर चालणारे यंत्र घेतले. उरलेल्या पैशांत एक चुंबकीय होकायंत्र आणि कागदी नकाशा आला. आलेखकागदावर ठिपक्यांचा पसारा पाहिलेली मुले आता पडद्यावरच्या एका ठिपक्यावर आंधळा विश्वास ठेवणार नाहीत. डोंगरात त्यांना हेच सर्वांत जास्त उपयोगी पडेल.