रात्रीचा पहारा

आज पहाऱ्याविषयी बोलणार आहे, पण सीमेवरच्या नाही, घरातल्या.

माझा नातू १३ वर्षांचा आहे. त्याला अपस्मार आहे, म्हणजे आपण ज्याला फिट किंवा आकडी येणं म्हणतो ते. त्याला झटके बहुधा झोपेतच येतात. दोन वर्षं त्याची आजी त्याच्या खोलीत झोपत होती. खरं तर जागीच असायची. मग एक दिवस तो म्हणाला, "आजोबा, मला माझी वेगळी खोली हवी." मागणी रास्त होती. तेव्हा मी या यंत्रांची माहिती काढली.

भीती अशी : सर्वांग आखडून हातपाय झडणारा मोठा झटका झोपेत आला आणि माणूस पालथा राहिला, तर श्वास थांबू शकतो. अपस्मार असलेल्या १००० प्रौढांमागे वर्षाला साधारण एकाचा असा अचानक मृत्यू होतो, मुलांत ४५०० मागे एकाचा. धोका लहान आहे, पण रात्री जवळ कोणी नसेल तर वाढतो.

यंत्रं मुख्यतः तीन प्रकारची. गादीखालचं यंत्र लयबद्ध थरथर ओळखतं. मनगटावरचं घड्याळ हालचालीबरोबर घामामुळे त्वचेत होणारा विद्युत बदलही टिपतं; अशा 'एम्ब्रेस' घड्याळाला अमेरिकेत २०१८ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. दंडावरचा पट्टा हृदयाचे ठोके आणि हालचाल पाहतो. 'नाइटवॉच' या डच पट्ट्याने २०१८ च्या एका चाचणीत प्रौढांचे ८५ टक्के गंभीर झटके पकडले. गादीखालच्या यंत्राने फक्त २१ टक्के.

पण हातपाय न झडणारे झटके या यंत्रांतून बरेचदा निसटतात. उलट, नुसते जोरात दात घासले तरी खोटा इशारा येऊ शकतो.

आम्ही घड्याळ घेतलं. एका रात्री झटका आला, घड्याळाने इशाराही पाठवला, पण माझा फोन सायलेंटवर होता. संध्याकाळच्या कार्यक्रमात मीच तो तसा ठेवला होता. आजीला पलंगाचा आवाज आला म्हणून निभावलं. पहारेकरी ओरडला आणि छावणीच्या कानात बोळे! चूक यंत्राची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून रोज रात्री आमची तपासणी असते : घड्याळ चार्ज, फोनचा आवाज पूर्ण, इशारा दोन फोनवर. आणि महिन्यातून एकदा सराव. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळात वेळ पाहायची. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर ११२ ला फोन.

यंत्र झटका थांबवत नाही आणि औषधाची जागा घेत नाही. गोळी वेळेवर हवीच. घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा, की झटका कोणत्या प्रकारचा आणि हे यंत्र तो पकडेल का?

नातू आता त्याच्या खोलीत झोपतो. आजीही झोपते. मी मात्र झोपण्यापूर्वी फोनचा आवाज दोनदा तपासतो. तुमच्या घरी असं कोणी असेल, तर आज रात्री तुम्हीही तपासा.

जय हिंद.