'ताई, फक्त दोनच मिनिटं!' रस्त्यावरचा सर्व्हे खरा की तुमचा नंबर काढून घ्यायचा फंडा?

पुण्याचा एफसी रोड असो की ठाण्यातला एखादा मॉल, गळ्यात आयकार्ड आणि हातात टॅब घेतलेला मुलगा समोर येतोच. "दादा, छोटासा सर्व्हे आहे." आता हा खरा सर्व्हे आहे की आणखी काही, हे ओळखायचं कसं?

मोबाईल नंबर मागितला म्हणजे फसवणूक, असं नसतं. मुलाखत खरंच झाली का, हे तपासायला रिसर्च कंपनीचा सुपरवायझर नंतर फोन करतो, त्यासाठी खऱ्या सर्व्हेतही नंबर घेतात. घरात फ्रिज आहे का, वॉशिंग मशीन आहे का, घरात सर्वाधिक कमावणाऱ्याचं शिक्षण किती, हे प्रश्नही नेहमीचेच. २०११ पासून भारतात एनसीसीएस नावाची पद्धत आहे. शिक्षण आणि घरातल्या ११ ठरावीक वस्तू यांवरून कुटुंबाचा गट ठरतो. सुरुवातीलाच "घरी कुणी जाहिरात किंवा मार्केट रिसर्चमध्ये आहे का?" असंही विचारतात. उत्तर 'हो' असेल तर मुलाखत बहुतेक वेळा तिथेच संपते.

खरा फरक विक्रीचा. मार्केट रिसर्चच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेनुसार सर्व्हेच्या नावाखाली काही विकायचं नसतं. त्यामुळे प्रश्न साबणावरून सुरू होऊन पगार, गाडी आणि "मिसेसचा नंबर" इथवर गेले, वर लकी ड्रॉचं कूपनही हातात आलं, तर समजून जा. चार दिवसांनी फोन येतो, गिफ्ट लागलंय, दोघं मिळून हॉटेलवर या. तिथे गिफ्टच्या आधी हॉलिडे मेंबरशिपचं दोन तासांचं प्रवचन असतं.

नाही म्हणायचं तर चालता चालता "नको" म्हणा आणि पुढे व्हा. "घाईत आहे" म्हटलं की "एकच मिनिट" हे उत्तर ठरलेलं. चुकीचा नंबर ठोकून देऊ नका, तो दुसऱ्या कुणाचा तरी असतोच. ओटीपी तर अजिबात सांगायचा नाही. आणि त्या मुलावर चिडण्यात अर्थ नाही, बऱ्याचदा त्याला भरलेल्या फॉर्ममागे पैसे मिळतात.

खासगी सर्व्हेला उत्तर देण्याची सक्ती कुठलाच कायदा करत नाही. जनगणनेचं तसं नाही. तिथे १९४८ च्या कायद्यानुसार उत्तर देणं बंधनकारक आहे.

नंबर आधीच देऊन बसला असाल तर १९०९ वर फोन करून डीएनडी सुरू करा. जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत. साध्या दहा आकडी नंबरवरून कुणी काही विकायला लागलं, तर तो नंबर आणि तारीख टिपून ठेवा. १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर सात दिवसांत तक्रार करता येते. २०२५ च्या बदलाआधी ही मुदत तीनच दिवसांची होती.