सोन्याच्या विटांआडचे बंबवाले

कराची बंदरात ‘फोर्ट स्टिकिन’वर कापसाच्या गासड्या चढू लागल्या तेव्हा कप्तान अलेक्झांडर नायस्मिथ यांनी नापसंती दाखवली. ती रास्तच होती. जहाजाच्या पोटात आधीच सुमारे 1400 टन दारूगोळा होता, खोक्यांत बांधलेली लढाऊ विमाने होती आणि एका पोलादी कप्प्यात सोन्याच्या 124 विटा. त्यात आता 8700 गासड्या कापूस, शिवाय लाकूड, गंधक, राळ आणि वंगणतेलाची पिंपे. पण दिवस महायुद्धाचे, जहाजांचा तुटवडा. कप्तानाचे ऐकतो कोण? 12 एप्रिल 1944 रोजी हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागले.

दारूगोळा वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावायचे असते. ‘फोर्ट स्टिकिन’वर ते नव्हते. स्फोटके उतरवून घेणारे पडाव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आले नाहीत. तोवर घाई झाली ती जहाजावरचे मासळीचे खत उतरवण्याची, कारण त्याची दुर्गंधी कोणालाच सोसवत नव्हती.

मुंबईत ही कहाणी सांगितली जाते ती बहुतेक वेळा सोन्याची. मैलभर लांब राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून जहाजाच्या स्फोटात उडालेली साडेबारा किलोंची वीट कशी आत पडली आणि त्यांनी ती सरकारला कशी परत केली, हा किस्सा आजही रंगतो. किस्सा खरा आहे. पण त्या शुक्रवारी, 14 एप्रिलला, दुपारी पावणेदोन ते चार या वेळात धक्क्यावर जे घडले ते सोन्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे आणि तेच सांगायचे राहून जाते.

जेवणाची सुट्टी संपवून परतलेल्या हमालांना दोन नंबरच्या खणातून धूर येताना दिसला. जहाजावर पहाऱ्याला असलेल्या बंबवाल्यांनी पाण्याचे नळ सोडले. मोठ्या आगीचा निरोप देण्यासाठी फोनकडे धावलेल्या माणसाला फोन काही लागला नाही. त्याने आगीच्या इशाऱ्याची काच फोडली. अशा साध्या इशाऱ्यावर नेमाप्रमाणे दोनच बंब निघत, तसे ते निघाले. आत काय भरले आहे हे त्यांच्या अधिकाऱ्याला गोदीत पोहोचल्यावर कळले. मग मोठा निरोप गेला आणि अडीचच्या सुमारास आणखी आठ बंब आले. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स जातीने हजर झाले.

यापुढचा दीड तास वाचताना संताप येतो. जहाज बुडवावे, असे एक मत होते. पण धक्क्याजवळ पाणी इतके उथळ की ते पुरते बुडणेच शक्य नव्हते. गोदीबाहेर ओढून न्यावे, असे दुसरे मत होते. पण यंत्राची दुरुस्ती चालू असल्याने जहाज स्वतःच्या बळावर हलणार नव्हते आणि ओढून नेण्याचा हुकूम कोणी देईना. लष्कराचा अधिकारी एक सांगत होता, गोदीचा दुसरे, कप्तान तिसरे. ‘सगळे माझ्या हुकमाने चालेल’ असे म्हणणारा एकही माणूस त्या गर्दीत नव्हता.

तेवढ्यात जहाजाच्या कुशीवर एका ठिकाणी रंगाला फोड येऊन तो गळू लागला. आग नेमकी कुठे आहे ते कळले. तिथला पत्रा कापून थेट आत पाणी मारायचे ठरले, गॅसचे कटर मागवले. ते चाललेच नाही. निरुपायाने बंबवाले वरूनच पाणी ओतत राहिले. 32 नळ चालू होते. खणात सुमारे 900 टन पाणी गेले, पण आग काही विझेना. कापूस तळाला आणि दारूगोळा त्याच्या वरच्या मजल्यावर, अशी मालाची रचना होती. पाणी चढू लागले तशा पेटत्या गासड्या तरंगत स्फोटकांच्या दिशेने वर सरकू लागल्या.

पायाखालचा पत्रा तापून पाय ठरत नव्हता, तरी माणसे नळ सोडेनात. पावणेचारनंतर ज्वाळा उफाळल्या तेव्हा कूम्ब्स यांनी त्यांना जहाजावरून उतरायला लावले. ती उतरली, पण पळाली नाहीत. धक्क्यावरून पाण्याचा मारा चालूच होता.

4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. गोदीचे घड्याळ त्याच वेळेवर थांबले. शेजारचे जवळपास 4 हजार टनांचे ‘जलपद्मा’ जहाज उचलले जाऊन त्याचा मागचा भाग गोदामाच्या छपरावर टेकला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, आणखी मोठा स्फोट झाला. शिमल्याच्या भूकंपमापकावरही हादऱ्याची नोंद झाली. पेटता कापूस आणि तापलेले लोखंड वखारींवर, चाळींवर बरसले. मृतांचे आकडे सातआठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. सुमारे 80 हजार लोक बेघर झाले. बंबखान्याची 66 माणसे गेली. कप्तान नायस्मिथही वाचले नाहीत. कूम्ब्स मात्र जखमी होऊनही बचावले.

एवढा हाहाकार मुंबईने डोळ्यांनी पाहिला आणि कानांनी ऐकला, पण वर्तमानपत्रांना तो छापता येईना. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी फोडली. इथल्या पत्रकारांना सविस्तर लिहायची परवानगी मिळायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. तोवर 66 जणांचे शौर्य शिळे झाले होते.

घातपाताचा संशय चौकशीत टिकला नाही. कापूस आणि स्फोटके एकावर एक रचणे, आगीचे गांभीर्य वेळेत न ओळखणे आणि जबाबदार माणसांनी हातपाय न हलवणे, अशी कारणे पुढे आली. सरकारने नुकसानभरपाईसाठी खास वटहुकूम काढला. आठेक हजार माणसांनी सात महिने राबून सुमारे पाच लाख टन ढिगारा हलवला. गाळ उपसताना सोन्याच्या विटा पुढे अनेक वर्षे सापडत राहिल्या, आणि प्रत्येक विटेबरोबर छापील किस्साही नव्याने निघाला.

महाराष्ट्रात 14 एप्रिल म्हटले की बाबासाहेबांची जयंती आठवते, ते योग्यच आहे. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो आणि 20 एप्रिलपर्यंत सप्ताह चालतो, तो या बंबवाल्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात अग्निशमन दलाचे जवान शाळांत, कारखान्यांत, सोसायट्यांत प्रात्यक्षिके दाखवतात आणि बहुतेक ठिकाणी समोर दहावीस माणसेच असतात. येत्या एप्रिलमध्ये ते तुमच्या इमारतीत आले, तर गॅलरीतून पाहू नका. घरातल्या मुलांना घेऊन खाली उतरा.