मेन पाडला तरी जिवंत राहणारी वीज

घराच्या छपरावर सौर संच बसवण्याला फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने'ने मोठी चालना दिली. एक कोटी घरांचे लक्ष्य आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला केंद्राचे 78 हजार रुपयांपर्यंतचे अनुदान, असा या योजनेचा आवाका आहे. पॅनेल आणि इन्व्हर्टर कारखान्यात वाटेल तितके तयार होतील, पण ते गच्चीवर नेऊन नीट जोडणारी माणसे कुठून आणायची? गावोगावचे अनुभवी वीजतंत्री आणि तारतंत्री हे काम सहज करतील, असे बहुतेकांना वाटते. हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. वीस वर्षे घरांचे वायरिंग केलेला माणूस या कामाला सर्वांत लायक असतो. मात्र ज्या सवयींनी त्याला वीस वर्षे सुरक्षित ठेवले, त्यांतल्याच काही सवयी गच्चीवर उलट्या पडतात. म्हणून त्याच्या प्रशिक्षणाची सुरुवात नेमक्या त्या सवयींपासून व्हायला हवी.

पहिली सवय मेन पाडण्याची. घरातल्या कोणत्याही दुरुस्तीआधी मेन स्विच बंद केला की पुढची वायर मेली, हा या व्यवसायाचा पाया आहे. तो खरा ठरतो, कारण वीज बाहेरून येते आणि वाट तोडली की थांबते. पॅनेल मात्र स्वतःच वीज तयार करते. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर उजेड पडला की तिच्यातले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि एका सेलच्या दोन बाजूंत साधारण अर्धा ते पाऊण व्होल्टचा दाब तयार होतो. असे सेल एकापुढे एक जोडले की साधारण 540 वॅटच्या पॅनेलच्या दोन टोकांत 50 व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. तीन किलोवॅटच्या संचात अशी सहा पॅनेल ओळीने जोडली की 300 व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, झाली. मेन पाडल्यावर इन्व्हर्टर थांबतो, शेजारचा डीसी आयसोलेटर बंद केल्यावर खाली जाणारी वाट तुटते. पण पॅनेलपासून आयसोलेटरपर्यंतची केबल ऊन असेपर्यंत जिवंतच राहते. सूर्याला स्विच नाही.

दुसरी सवय एमसीबीवर विसंबण्याची. घरात फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले तर मागे अख्खे ग्रिड उभे असते. क्षणात शेकडो अँपिअर धावतात आणि एमसीबी पडतो. धरणाचे दार फुटले तर लोंढा येतो, झरा मात्र कुठूनही फोडला तरी त्याच्याच धारेने वाहतो, आणि पॅनेल झऱ्यासारखे असते. पूर्ण भार देताना जे पॅनेल सुमारे 13 अँपिअर देते, तेच शॉर्ट झाल्यावर 14 अँपिअरच्या आसपास देते. 16 अँपिअरच्या एमसीबीला या दोन अवस्थांत फरक कळायला वाव नाही. बिघाड झालेला असतो, वायर तापत असते, आणि संरक्षक यंत्रणेच्या दृष्टीने सारे आलबेल असते.

त्यात ठिणगीची भर पडते. आपल्या घरची एसी वीज सेकंदाला 50 आवर्तने पुरी करते, म्हणजे तिचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. स्विच उघडताना उडालेली ठिणगी त्या शून्याच्या क्षणी विझायची संधी साधते. डीसीत असा क्षण येतच नाही. भार चालू असताना कनेक्टर ओढला तर दोन टोकांमधली हवा तापून वाहक बनते आणि ठिणगीची ज्योत होते. पॅनेल तिला प्रवाह पुरवत राहते आणि तांबे वितळवण्याइतकी उष्णता तिथे साठते. म्हणून एसीचा एमसीबी डीसी बाजूला लावणे ही काटकसर नसून आगीची सोय असते. काही डीसी एमसीबींना तर धन-ऋण बाजूंचे बंधन असते; उलटे जोडले तर ठिणगी विझवण्याची त्यांची रचनाच निकामी होते. एसीत वायर अदलाबदल झाली तरी बल्ब पेटतो, इथे अशी सूट मिळत नाही.

ही भीती अतिरंजित आहे, असा आक्षेप येईल, आणि आकड्यांकडे पाहिले तर त्यात तथ्य आहे. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी सुमारे वीस वर्षांतल्या आगी तपासल्या, तेव्हा आग लागलेल्या इमारतींत सौर संच असल्याची साधारण 350 प्रकरणे सापडली. त्यांतल्या सुमारे 120 प्रकरणांतच दोष संचाचा होता. मोठे नुकसान करणारी आग लावणाऱ्या संचांचे प्रमाण 0.006 टक्के भरले. म्हणजे सौर संच मुळात धोकादायक नाही. पण दोष कुठे सापडले, हे त्याच तपासणीत अधिक बोलके आहे. योग्य क्रिंपिंगच्या पकडीऐवजी साध्या पकडीने दाबलेले कनेक्टर, एकमेकांशी न जुळणाऱ्या बनावटीची नर-मादी जोडी, घाईत केलेले सैल जोड, असे ते दोष होते. यंत्रात नसलेला धोका जोडणीत शिरतो आणि जोडणी हाताने होते. हा आकडा लहान राहायचा असेल, तर लाखो नव्या गच्च्यांवर काम करणारे हातही तितकेच तयार हवेत.

हाताइतकाच प्रश्न हातातल्या हत्यारांचा आहे. खिशातला टेस्टर पेटतो, कारण एसीचा अत्यल्प प्रवाह आपल्या शरीरातून जमिनीकडे वाट काढतो. सगळीकडून तोडलेल्या पॅनेलच्या ओळीचा जमिनीशी संबंधच नसेल, तर 300 व्होल्ट असतानाही टेस्टर पेटेल याचा भरवसा नाही. आणि टेस्टर पेटला नाही म्हणून एका हाताने धन व दुसऱ्याने ऋण टोक धरणाऱ्याला त्या 300 व्होल्टांचा धक्का बसतो. साधा क्लॅम्प मीटरही इथे आंधळा होतो. तो बदलत्या चुंबकीय क्षेत्रावर चालतो आणि डीसीचे क्षेत्र बदलत नाही, त्यामुळे 13 अँपिअर वाहत असतानाही तो शून्य दाखवतो. डीसी मोजणारा, हॉल सेन्सरचा क्लॅम्प मीटर वेगळा घ्यावा लागतो.

संचाचा आराखडा कंपनीचा इंजिनिअर करतो, वीजतंत्र्याने तो फक्त जोडायचा, मग त्याला एवढे विज्ञान कशाला, असेही विचारले जाते. याचे उत्तर निफाडच्या थंडीत सापडते. समजा 540 वॅटची, प्रत्येकी 49.5 व्होल्टची बारा पॅनेल एका ओळीत आहेत आणि इन्व्हर्टरची मर्यादा 600 व्होल्ट आहे. गुणाकार 594 येतो, म्हणजे कागदावर सारे ठीक. पण 49.5 हा आकडा सेलचे तापमान 25 अंश असतानाचा आहे, आणि तापमान एक अंशाने उतरले की व्होल्टेज सुमारे 0.27 टक्क्याने चढते. हिवाळ्यात निफाडला पारा पाच अंशांवर येतो. तिथल्या स्वच्छ सकाळी, पॅनेल तापण्याआधी, त्याच ओळीत 626 व्होल्ट उभे राहतात आणि इन्व्हर्टर जळू शकतो. जास्त ऊन म्हणजे जास्त धोका, ही समजूत इथे फसते. उलट मे महिन्यात सेल 65 अंशांपर्यंत तापले की वॅटेज सुमारे सातव्या हिश्श्याने घटते. कागदावरची अकरा पॅनेल गच्चीवर जागा आहे म्हणून बारा करण्याचा आग्रह घरमालक इंजिनिअरकडे धरत नाही, समोर उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे धरतो. नकार देण्यासाठी कारण ठाऊक असावे लागते.

मग अनुभवी माणसाच्या सवयी मोडत बसण्यापेक्षा कोऱ्या पाटीचे तरुणच का घेऊ नयेत? राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा 'सूर्यमित्र' हा 600 तासांचा अभ्यासक्रम त्यासाठीच आहे आणि त्याची गरजही आहे. पण संचाचा अर्धा भाग एसीचा असतो आणि तो जुन्या घराला जोडायचा असतो. तीस वर्षांपूर्वीचा मीटर बोर्ड, कुठे तरी सैल झालेला न्यूट्रल, कोरडा पडलेला अर्थिंगचा खड्डा, हे ओळखायला वर्गातले तास पुरत नाहीत. 'लाइट गेली की सोलरही का बंद पडते?' या घरमालकाच्या हमखास तक्रारीचे उत्तरही अनुभवी माणूसच पटण्याजोगे देतो. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा जाताच थांबतो, कारण तो चालू राहिला तर खांबावर चढलेल्या लाइनमनला उलट दिशेने आलेली वीज लागेल. जनरेटरची वीज चुकून लाइनवर गेल्याने काय होते, हे जाणणाऱ्याला ही अट मुद्दाम शिकवावी लागत नाही. पॅनेलच्या चौकटींचे आणि सांगाड्याचे अर्थिंग, वीजरोधक, मेगरने केलेली इन्सुलेशनची तपासणी, हेही त्याच्या ओळखीचेच प्रांत आहेत.

एक भाग मात्र त्याने दुसऱ्याकडे सोपवावा. 2020 च्या निसर्ग आणि 2021 च्या तौक्ते वादळांनी कोकणात कितीतरी घरांचे पत्रे उडवले. दक्षिणेकडे कललेले पॅनेल वाऱ्यापुढे शिडासारखे उभे असते. त्याचा सांगाडा किती वारा सोसेल आणि स्लॅबला पाडलेल्या भोकातून पावसाळ्यात गळती कशी होणार नाही, हा स्थापत्याचा प्रश्न आहे. तिथे वीजतंत्र्याच्या अनुभवाची ना मदत होते ना अडचण.

एवढे सगळे मांडल्यावर शिकवण्याच्या गोष्टी मोजक्याच उरतात : जिवंत केबलवर काम करण्याचा क्रम, डीसीची संरक्षक साधने, कनेक्टरचे क्रिंपिंग, योग्य मोजमाप आणि तापमानाचा हिशेब. परवानाधारक वीजतंत्र्याला 600 तास वर्गात बसवणे म्हणजे त्याची रोजी बुडवणे. काहीच न शिकवता गच्चीवर धाडणे त्याहून वाईट. या पाच गोष्टींपुरते आटोपशीर प्रशिक्षण, प्रत्यक्ष डीसी ओळीवर हाताने दिलेली परीक्षा आणि परवान्यावर तशी नोंद, असा मधला मार्ग काढता येईल. तो निघेपर्यंत घरमालकानेही अनुदानाच्या चौकशीसोबत आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : क्रिंपिंगची पकड आहे का, आणि डीसी मोजणारा मीटर आहे का? ही दोन्ही हत्यारे पिशवीत असलेला माणूस गच्चीवरची वीज घरातल्या विजेपेक्षा वेगळी असते हे बहुधा शिकलेला असतो.