एका बटणावर चालणारा संगणक

संगणक चालवायला दहा बोटं लागत नाहीत. एक हुकमी हालचाल पुरते: अंगठ्याची, हनुवटीची, टाचेची, भुवईची, नाहीतर नुसती फुंकर. ती हालचाल टिपणारं बटण म्हणजे स्विच. आज नजरेवर चालणारे महागडे कॅमेरेही मिळतात, पण हातापायांतलं बळ गेलेल्यांसाठी हा साधा स्विचच मला सर्वांत मोलाचा वाटतो.

इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९६०च्या सुमारास रेग मेलिंग रुग्णांना भेटायला जात. मानेखालचं अंग लुळं पडलेल्या रुग्णांकडे कुणाला बोलवायला फक्त शिट्टी असे. मेलिंगना वाटलं, फुंकर शाबूत आहे, तर तिच्याकडून आणखी कामं का करून घेऊ नयेत? त्यातून 'पॉसम' हे यंत्र घडलं. नळीतून हवा फुंकायची किंवा ओढायची, की दिवा लागे, घंटा वाजे. पुढे टाइपरायटरही त्यावर चालू लागला. फुंकरीऐवजी दुसरी हालचालही चालते: शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग आधी हातातल्या बटणाने लिहीत. हातही साथ देईना तेव्हा चष्म्यावरचा सेन्सर त्यांच्या गालाची हालचाल टिपू लागला.

एका बटणाने लिहितात कसं? स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी असतात आणि उजळ पट्टी एकेका ओळीवरून आपोआप सरकते. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं. मग पट्टी त्या ओळीतल्या अक्षरांवरून फिरते, पुन्हा दाबायचं. म्हणजे प, काना, ण, वेलांटी मिळून 'पाणी'ला आठ वेळा, आणि जोडाक्षरांमुळे 'स्वप्न'ला बारा वेळा. म्हणून मराठीत शब्द सुचवणारी सोय हवीच. पट्टीचा वेगही ज्याच्या त्याच्या हालचालीप्रमाणे ठेवावा. तो जास्त झाला की माणूस चुकत राहतो आणि 'हे मला जमणार नाही' म्हणून सोडून देतो.

बहुतेक स्विचना जुन्या हेडफोनसारखी ३.५ मिलिमीटरची पिन असते. व्हिडिओ गेमसाठी २०१८ साली आलेल्या एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलरला अशा १९ पिना जोडता येतात. सुरुवात मात्र फार स्वस्तात होते. साध्या माऊसच्या डाव्या बटणाच्या दोन टोकांना वायरी सोल्डर करून त्या मोठ्या पुश बटणाला जोडल्या, की झाला स्विच. मोबाईल दुरुस्तीवाला हे काम सहज करेल. विंडोजच्या ऑन-स्क्रीन कीबोर्डमध्ये सरकती पट्टी आहे, अँड्रॉइडवर 'स्विच अॅक्सेस' ही सोय आहे; दोन्ही फुकट.

खरं कसब आहे ते बटण बसवण्यात. दिवसभरात अंग खुर्चीत थोडं घसरतं आणि सकाळी बटणापर्यंत पोचणारी हनुवटी संध्याकाळी पोचत नाही. म्हणून आधी बैठक नीट हवी, बटण नंतर. हे ऑक्युपेशनल थेरपिस्टला कळतं. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे. घरात हातापायांतलं बळ गेलेलं कुणी असेल, तर महागडं साधन मागवण्याआधी थेरपिस्टकडे जा आणि कोणती हालचाल न थकता पुन्हा पुन्हा होते, ते आधी तपासून घ्या.