सावध राहावे, पण कोणी?

'भावाने कोर्टात कॅव्हेट दाखल केले' असे आपल्याकडे गावोगावी ऐकू येते. हा शब्द लॅटिन आहे आणि तो एकटाच एक पूर्ण वाक्य आहे: 'त्याने सावध राहावे.'

इटलीतील पाँपेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील एका घराच्या दाराशी, जमिनीवर खड्यांनी केलेले साखळीतल्या कुत्र्याचे चित्र आहे. खाली शब्द आहेत 'कावे कानेम', म्हणजे 'कुत्र्यापासून सावध राहा'. अगदी आपल्या फाटकावरची पाटी! क्रियापद तेच, पण इथे समोरच्याला थेट आज्ञा आहे. 'राहा' आणि 'राहावे' यांतला हा फरक मराठीत सहज उतरतो.

आता दुकानात येऊ. 'कॅव्हेट एम्प्टर' म्हणजे 'खरेदी करणाऱ्याने सावध राहावे'. भाषांतर अचूक, पण तेवढ्यावर विसंबले तर फसगत ठरलेली! भाषा रोमनांची असली तरी हे तत्त्व रुजले ते इंग्लंडच्या न्यायालयांत. रोमच्या बाजारात गुलाम किंवा जनावर विकणाऱ्याला त्यातले दोष आधी सांगावे लागत. दोष लपवला, तर सहा महिन्यांच्या आत सौदा मोडता येई.

आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्यातही या तत्त्वाला अपवाद आहेत. वस्तू कशासाठी हवी ते सांगून, त्याच मालाचा धंदा करणाऱ्या दुकानदाराच्या माहितीवर भरवसा ठेवून ती घेतली, तर ती सामान्यतः त्या कामाला योग्य असलीच पाहिजे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याही पुढे जातो. सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मग 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी कितीही मोठ्या अक्षरांत असो! ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यासाठी साधारणपणे दोन वर्षांची मुदत असते.

तेव्हा कोणी लॅटिन वचन तोंडावर फेकले, तर नुसता शब्दार्थ ऐकून गप्प बसू नका. ते कुठे लागू होते आणि कुठे नाही, हेही विचारा. आणि हो, बिल मात्र जपून ठेवा. ग्राहकाची खरी सावधगिरी तीच.